शेअरचं खरं मोल किती? साध्या सूत्रांनी हिशोब, इन्फोसिसचे आकडे घेऊन

"कंपनी एकदम भारी आहे, डोळे झाकून घे," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. "पण कोणत्या भावाला?" असं विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं. हिंदुस्तान लिव्हर, म्हणजे आताची हिंदुस्तान युनिलिव्हर, ही कंपनी २००० सालीही भारीच होती. साबण, पावडर, चहा घरोघरी तिचाच होता. पुढच्या दहा वर्षांत तिचा नफा वाढला, लाभांशही नियमित मिळत राहिला, पण २०१० साली शेअरचा भाव जवळपास होता तिथेच होता. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. २००० सालच्या भावातच पुढच्या अनेक वर्षांची वाढ आगाऊ मोजून घेतलेली होती.

म्हणून शेअर घेण्याआधी त्याचं मोल स्वतः काढता यायला हवं. त्याला आंतरिक मूल्य म्हणतात. पुढे दिलेली सूत्रं साधी आहेत, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. या सूत्रांतून येणारा आकडा म्हणजे शेअरचा 'योग्य भाव' नव्हे. सूत्राचा खरा उपयोग उलट्या दिशेने होतो: आजच्या भावात बाजाराने काय काय गृहीत धरलंय, ते उघडं पडतं. तिथपर्यंत आपण सातव्या पायरीवर पोचू, पण आधी सरळ हिशोब यायला हवा.

उदाहरणासाठी इन्फोसिस घेतली आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली आणि नंतर बंगळूरला गेलेली ही कंपनी मराठी गुंतवणूकदारांना ओळखीची आहे, तिचे हिशोब स्वच्छ मांडलेले असतात आणि तिच्यावर बँकेचं कर्ज नाही, त्यामुळे शिकायला सोपी पडते. हे आकडे हिशोब समजावण्यासाठी आहेत, शेअर घ्या किंवा विका असा सल्ला यात नाही.

मोल म्हणजे नेमकं काय

शेतजमीन घेणारा शहाणा माणूस आधी विचारतो, खंड किती येईल? पाणी टिकेल का? तेवढे पैसे बँकेत ठेवले तर किती मिळतील? शेअरचंही तसंच आहे. कंपनी तिच्या उरलेल्या आयुष्यात मालकांना जेवढी रोकड देऊ शकेल, ती सगळी आजच्या किमतीत मांडली की जी बेरीज येते ते आंतरिक मूल्य. ही कल्पना अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली नीट सूत्रबद्ध केली. त्याच्या चार वर्षं आधी, १९३४ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे बेंजामिन ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डॉड यांनी भाव आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठासून मांडलं होतं. १९२९ ची मंदी अंगावर झेललेल्या माणसाचं ते शहाणपण होतं. मोल रुपया-पैशापर्यंत अचूक काढता येत नाही, एक अंदाजे पट्टा काढता येतो, आणि भाव त्या पट्ट्याच्या खूप खाली आहे की खूप वर, एवढं कळलं तरी निर्णयाला पुरतं, असा त्यांचा एकूण सूर आहे.

पायरी १: आकडे गोळा करा, पण आधी साफ करा

कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतो. त्यात दोन प्रकारचे हिशोब असतात, स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड. उपकंपन्यांसकट सगळं हवं असतं, म्हणून कन्सॉलिडेटेड घ्या. त्यातून इतकंच उचला: निव्वळ नफा, प्रति शेअर मिळकत म्हणजे ईपीएस, पुस्तकी मूल्य म्हणजे बुक व्हॅल्यू (कंपनीची मालमत्ता वजा देणी, प्रति शेअर), लाभांश, आणि कामकाजातून आलेली रोकड वजा यंत्रसामग्री-इमारतींवरचा खर्च, म्हणजे मुक्त रोकड.

इन्फोसिसचा ईपीएस असा आहे:

२०१९-२० : ३८.९७ रुपये
२०२०-२१ : ४५.६१
२०२१-२२ : ५२.५२
२०२२-२३ : ५७.६३
२०२३-२४ : ६३.३९
२०२४-२५ : ६४.५०

२०२४-२५ चा नफा २६,७१३ कोटी, लाभांश प्रति शेअर ४३ रुपये आणि बुक व्हॅल्यू सुमारे २३१ रुपये. मार्च २०२५ च्या अखेरीस भाव १,५७० च्या आसपास होता. वार्षिक निकाल त्यानंतर एप्रिलमध्ये आले, पण शिकण्यापुरते हे आकडे शेजारी ठेवायला हरकत नाही.

आता साफसफाई. बरेच जण हीच पायरी गाळतात आणि मग पुढचा सगळा हिशोब वाया जातो. इन्फोसिसचे जुने अहवाल काढलेत तर २०१७-१८ चा ईपीएस ७१.०७ रुपये दिसेल आणि २०१८-१९ चा ३५.४४. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, कंपनीची मिळकत अर्धी झाली! घडलं इतकंच की सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, आणि शेअरची संख्या दुप्पट झाली. बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे करणं) आधीच्या सगळ्या वर्षांना लावून घ्यावे लागतात.

दुसरं, त्याच २०१७-१८ च्या नफ्यात अमेरिकी कर खात्याशी झालेल्या करारामुळे मागे घेतलेली १,४३२ कोटींची करतरतूद होती, म्हणजे करासाठी बाजूला ठेवलेली रक्कम परत नफ्यात आली होती. तो पैसा एकदाच आला, दरवर्षी येणारा नव्हता. तसंच २०२३-२४ च्या शेवटच्या तिमाहीत करपरताव्यावरचं सुमारे १,९०० कोटींचं व्याज उत्पन्नात धरलेलं होतं. म्हणून २०२४-२५ मध्ये ईपीएस जेमतेम पावणेदोन टक्के वाढलेला दिसतो. आधीचं वर्षच जरा फुगलेलं होतं. अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टी 'अपवादात्मक बाबी' या शीर्षकाखाली असतातच असं नाही. कधी त्या 'इतर उत्पन्न' या ओळीत असतात, कधी करखर्चाच्या टिपेत. इतर उत्पन्न एखाद्या वर्षी अचानक वाढलेलं दिसलं की त्या ओळीपुढचा टीप क्रमांक बघून मागची पानं उघडायचीच.

पायरी २: वाढीचा दर ठरवा

सगळ्या सूत्रांचा जीव या एका आकड्यात आहे, म्हणून इथे घाई नको. मी तीन बाजूंनी बघतो.

मागची वाढ: ३८.९७ चे पाच वर्षांत ६४.५० झाले. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागा, पाचवं मूळ काढा, एक वजा करा. वर्षाला १०.६ टक्के येतात. पण याच काळात नफा १६,५९४ कोटींवरून २६,७१३ कोटींवर गेला, म्हणजे वर्षाला १० टक्के. मग वरचा अर्धा टक्का कुठून आला? २०२१ मध्ये ९,२०० कोटींचं आणि त्यानंतर ९,३०० कोटींचं बायबॅक झालं, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतले, शेअर कमी झाले आणि उरलेल्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला थोडं जास्त आलं. मूळ धंद्याची वाढ १० टक्केच.

अलीकडची वाढ: शेवटच्या दोन वर्षांत ५७.६३ वरून ६४.५०, म्हणजे वर्षाला ५.८ टक्के. वेग मंदावलाय.

आतून येणारी वाढ: कंपनी जेवढा नफा धंद्यात ठेवते, त्यावरच पुढची वाढ उभी राहते. भागभांडवलावरचा परतावा (मालकांच्या भांडवलावर मिळवलेला नफा, टक्क्यांत) गुणिले राखून ठेवलेल्या नफ्याचा वाटा, हे त्याचं सूत्र. इन्फोसिसचा परतावा २८ टक्क्यांच्या घरात आहे. ६४.५० पैकी ४३ रुपये वाटले, म्हणजे एक तृतीयांश राखला. २८ चा एक तृतीयांश साधारण ९.३ टक्के.

१०, ५.८ आणि ९.३. मी ८ धरतो. अधला-मधला आकडा म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या कंपनीला दहा वर्षं सलग दोन आकडी वाढ राखणं अवघड असतं आणि या आकड्यांच्या वेळी सॉफ्टवेअर सेवांची जगभरची मागणी सुस्त होती, म्हणून. तुम्ही ७ धराल, कोणी ९ धरेल. फक्त का धरला ते एका वाक्यात लिहून ठेवा. आणि कोणत्याही कंपनीसाठी १५ च्या वर जाऊ नका. त्याहून वेगाने दहा वर्षं वाढणाऱ्या कंपन्या असतात, पण आधीपासून ओळखता येणाऱ्या फारच थोड्या.

पायरी ३: ग्रॅहम यांचं वाढीचं सूत्र

मोल = ईपीएस × (८.५ + २ × वाढीचा दर)

८.५ हा अजिबात न वाढणाऱ्या कंपनीसाठी धरलेला पी/ई, म्हणजे भाव ईपीएसच्या किती पट आहे तो आकडा. वाढीचा दर म्हणजे पुढच्या सात ते दहा वर्षांत अपेक्षित असलेला दर, टक्क्यांत. आपले आकडे घालू:

६४.५० × (८.५ + १६) = ६४.५० × २४.५ = १,५८० रुपये

भाव १,५७० आणि मोल १,५८०! पण इथेच थांबलात तर फसाल. हे सूत्र अमेरिकेत व्याजदर कमी असतानाचं आहे. पुढे ग्रॅहम यांनी स्वतःच त्यात व्याजदर आणला:

मोल = ईपीएस × (८.५ + २ × वाढीचा दर) × ४.४ ÷ उत्तम कर्जरोख्यांचा दर

४.४ टक्के हा १९६२ साली अमेरिकेतल्या एएए, म्हणजे सर्वांत सुरक्षित दर्जाच्या कंपनी-रोख्यांवर मिळणारा दर. त्याच दर्जाच्या भारतीय रोख्यांचा दर हिशोबासाठी ७ टक्के धरू. १,५८० × ४.४ ÷ ७ = ९९३ रुपये.

एकच कंपनी, एकच वाढ, आणि उत्तरात जवळपास ६०० रुपयांचा फरक. कोणतं खरं? माझं मत असं की सुधारित सूत्र भारतासाठी जरा जास्तच कडक आहे. आपल्याकडे रोख्यांचे दर जास्त असतात कारण महागाई जास्त असते, आणि त्याच महागाईमुळे कंपन्यांचा नफाही रुपयांत जास्त वेगाने वाढतो. वाढीचा आकडा रुपयांतला घालायचा आणि दर मात्र अमेरिकेच्या १९६२ शी जोडायचा, यात मेळ बसत नाही. तरी मी दोन्ही उत्तरं लिहून ठेवतो. वरचं आशावादी टोक, खालचं सावध टोक.

पायरी ४: ग्रॅहम आकडा, आणि तो कुठे चालत नाही

मोल = (२२.५ × ईपीएस × बुक व्हॅल्यू) चं वर्गमूळ

२२.५ कुठून आले? सावध गुंतवणूकदाराने मिळकतीच्या १५ पटीहून आणि बुक व्हॅल्यूच्या दीडपटीहून जास्त देऊ नये, असा ग्रॅहम यांचा नियम होता. १५ गुणिले १.५ म्हणजे २२.५. आणि मिळकत एका वर्षाची नव्हे, तीन वर्षांची सरासरी घ्यायची असा त्यांचा आग्रह होता, तो मात्र आंतरजालावरचे बहुतेक कॅल्क्युलेटर विसरतात.

इन्फोसिससाठी, शेवटच्या वर्षाचा ईपीएस घेतला तरी, २२.५ × ६४.५० × २३१ चं वर्गमूळ येतं सुमारे ५७९ रुपये. बाजारभावाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. म्हणून इन्फोसिस तिपटीने महाग आहे का? नाही. या कंपनीची खरी मालमत्ता तिची माणसं आणि वर्षानुवर्षं टिकलेली गिऱ्हाईकं आहेत, आणि ती ताळेबंदात कुठेही दिसत नाहीत. हा आकडा कारखाने, यंत्रं, जमिनी, मालसाठा यांच्यावर चालणाऱ्या धंद्यांसाठी आहे. सिमेंट, जुन्या अभियांत्रिकी कंपन्या, वीजनिर्मिती इथे तो वापरा. आयटी, औषधं, नाममुद्रेवर चालणारी ग्राहकोपयोगी उत्पादनं इथे तो बाजूला ठेवा.

पायरी ५: लाभांशाचं सूत्र

जी कंपनी नफ्याचा मोठा हिस्सा नियमाने वाटते, तिच्यासाठी हे सर्वांत सोपं:

मोल = पुढच्या वर्षीचा लाभांश ÷ (तुम्हाला हवा असलेला परतावा − लाभांशाची कायमची वाढ)

हवा असलेला परतावा कसा ठरवायचा? दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर मार्च २०२५ अखेर साडेसहा टक्क्यांच्या थोडं वर मिळत होतं, तेही काळजीशिवाय. शेअरची जोखीम घ्यायची तर वर आणखी पाच-साडेपाच टक्के हवेत. म्हणून १२ धरू.

वाढ ७ टक्के धरली तर : ४३ × १.०७ ÷ ०.०५ = ९२० रुपये
वाढ ८ टक्के धरली तर : ४३ × १.०८ ÷ ०.०४ = १,१६१ रुपये
वाढ ९ टक्के धरली तर : ४३ × १.०९ ÷ ०.०३ = १,५६२ रुपये

हे तीन आकडे पुन्हा एकदा शांतपणे बघा. वाढीचा दर एक-एक टक्का सरकवला आणि मोल ९२० वरून १,५६२ वर गेलं. कोणालाही आपल्याला हवं ते उत्तर या सूत्रातून काढता येईल. म्हणून दलालाच्या अहवालात 'उद्दिष्ट भाव' दिसला की मी आधी त्याने धरलेला वाढीचा दर शोधतो. शिवाय 'कायमची' वाढ ८-९ टक्के धरणं तत्त्वतःच चूक आहे. कुठलीच कंपनी देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कायम वाढू शकत नाही, नाहीतर एक दिवस तीच अर्थव्यवस्था होऊन बसेल. ही अडचण पुढच्या पद्धतीत सुटते.

पायरी ६: दहा वर्षांची रोकड आजच्या किमतीत

याला डीसीएफ (डिस्काउंटेड कॅश फ्लो) म्हणतात. नाव ऐकून माणसं बिचकतात, पण करायचं इतकंच: दहा वर्षं वेगळा दर धरायचा, त्यानंतर कायमसाठी कमी दर धरायचा, आणि दरवर्षीची रोकड आजच्या किमतीत आणायची. आजचे १०० रुपये १२ टक्क्यांनी वर्षभरात ११२ होतात, म्हणून वर्षभरानंतरचे ११२ म्हणजे आजचे १००.

सुरुवातीची रोकड किती धरायची? २०२४-२५ मध्ये इन्फोसिसची मुक्त रोकड नफ्याच्या १२९ टक्के होती. आदल्या वर्षी ती ९१ टक्क्यांच्या आसपास होती. एका वर्षाच्या उसळीवर दहा वर्षांचा इमला बांधायचा नाही. मी ६४.५० च्या साधारण ९३ टक्के, म्हणजे प्रति शेअर ६० रुपये धरतो. वाढ दहा वर्षं ८ टक्के, नंतर कायम ५ टक्के, हवा असलेला परतावा १२ टक्के.

पहिलं वर्ष : ६० × १.०८ = ६४.८०, भागिले १.१२ = ५७.८६
दुसरं वर्ष : ६९.९८, भागिले १.१२ चा वर्ग = ५५.७९
तिसरं वर्ष : ७५.५८, भागिले १.१२ चा घन = ५३.८०

असं दहाव्या वर्षापर्यंत गेलात की रोकड १२९.५४ होते आणि तिची आजची किंमत ४१.७१. दहाही वर्षांची बेरीज ४९४ रुपये.

आता दहा वर्षांनंतरचं सगळं. अकराव्या वर्षीची रोकड १२९.५४ × १.०५ = १३६. तिला (०.१२ − ०.०५) म्हणजे ०.०७ ने भागा, १,९४३ येतात. पण हे दहा वर्षांनंतरचे रुपये आहेत. १.१२ चा दहावा घात ३.१०६, त्याने भागलं की आजचे ६२६ रुपये.

४९४ + ६२६ = १,१२० रुपये.

बेरजेतला निम्म्याहून जास्त भाग दहा वर्षांनंतरच्या काळातून आलाय, हे विसरू नका. जवळपास सगळ्याच चांगल्या कंपन्यांचं असंच असतं. म्हणूनच 'पुढच्या तिमाहीत काय होईल' यापेक्षा 'ही कंपनी २०३५ साली कुठे असेल' हा प्रश्न मोलाच्या दृष्टीने मोठा ठरतो.

एक सूचना. आपण रोकड ईपीएसवरून काढली आहे आणि त्यात कंपनीच्या ठेवींवरचं व्याज आलेलंच आहे. म्हणून ताळेबंदातली शिल्लक वर पुन्हा मिळवू नका, ते दोनदा मोजणं होईल.

पायरी ७: उलटा हिशोब

आता मुख्य काम. इतका वेळ वाढ धरून मोल काढलं. आता भाव पक्का धरायचा आणि वाढ शोधायची. ग्रॅहम यांनीही आपलं सूत्र याच कामासाठी वापरून दाखवलं होतं. नामांकित कंपन्यांच्या भावांवरून बाजार त्यांच्याकडून किती वाढ अपेक्षित धरतोय, ते त्यांनी काढलं होतं.

आधी ग्रॅहम सूत्राने. भाव १,५७० भागिले ईपीएस ६४.५० म्हणजे पी/ई २४.३. त्यातून ८.५ वजा करा, दोनने भागा: ७.९ टक्के. मूळ सूत्राप्रमाणे बाजार सुमारे ८ टक्के वाढ धरतोय. व्याजदराचं सुधारित सूत्र लावलं तर हाच आकडा १५ टक्क्यांवर जातो.

आता डीसीएफने. वाढ १२ टक्के धरून बघा. परतावाही १२ असल्यामुळे गंमत होते: दरवर्षीची रोकड आजच्या किमतीत बरोबर ६० च राहते. दहा वर्षांचे ६००, पुढचे ६० × १.०५ ÷ ०.०७ = ९००. बेरीज १,५००. म्हणजे १,५७० ला शेअर घेऊन वर्षाला १२ टक्के मिळवायचे असतील, तर इन्फोसिसला दहा वर्षं १२ टक्क्यांहून थोडं जास्तच वाढावं लागेल. मागच्या पाच वर्षांत तिचा नफा १० टक्क्यांनी वाढलाय आणि शेवटच्या दोन वर्षांत ईपीएसची वाढ सहाच्याही खाली आहे.

पण दुसऱ्या बाजूनेही बघा. वाढ ८ टक्केच ठेवा आणि हवा असलेला परतावा १२ ऐवजी १० करा. बेरीज येते १,५९२, म्हणजे जवळजवळ बाजारभावच. याचा सरळ अर्थ: ८ टक्के वाढ झाली तर १,५७० ला घेणाऱ्याला दीर्घकाळात वर्षाला साधारण १० टक्के मिळतील.

आता बोलणं जमिनीवर आलं. शेअर महाग की स्वस्त हा वाद संपला. एका कर्जमुक्त, भक्कम कंपनीतून मला वर्षाला १० टक्के चालतील का, की त्याऐवजी सरकारी रोख्यांचे साडेसहा टक्के पुरे, एवढाच प्रश्न उरला. निवृत्तीला आलेल्या माणसाचं उत्तर वेगळं असेल, तिशीतल्या मुलीचं वेगळं. दोन्ही बरोबर असू शकतात. 'मोल १,१२०, भाव १,५७०, म्हणून नको' या एका ओळीत हे काहीच दिसलं नसतं.

पायरी ८: चुकीसाठी जागा ठेवा

ग्रॅहम याला मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणत, आपण सुरक्षिततेची सूट म्हणू. वाढीचा अंदाज एक-दोन टक्क्यांनी चुकणार हे धरूनच चालायचं. माझा ढोबळ नियम: मोठ्या, कर्जमुक्त, नफा स्थिर असलेल्या कंपनीला २५ टक्के सूट, मध्यम आकाराच्या किंवा थोडं कर्ज असलेल्या कंपनीला ३५, आणि छोट्या किंवा चढ-उताराच्या धंद्याला ५० टक्के. १,१२० वर २५ टक्के सूट म्हणजे ८४०, तेवढ्या किंवा त्याहून कमी भावालाच घ्यायचं.

चांगली कंपनी अशा भावाला वर्षानुवर्षं मिळत नाही, हे खरं आहे. अशा वेळी सूट कमी करण्यापेक्षा थांबणं किंवा दुसरी कंपनी शोधणं बरं. आणि प्रवर्तकांचे शेअर मोठ्या प्रमाणात गहाण असतील, लेखापरीक्षक मुदतीच्या मध्येच राजीनामा देऊन गेला असेल किंवा नफा दिसतोय पण रोकड वर्षानुवर्षं येत नाही असं असेल, तर कितीही सूट द्या, उपयोग नाही. तिथे सूत्रात घातलेले आकडेच खोटे असण्याची शक्यता आहे.

ही सूत्रं कुठे फसवतात

सर्वांत मोठा सापळा चक्राकार धंद्यांचा. टाटा स्टीलचा २०२१-२२ चा ईपीएस सुमारे ३३२ रुपये होता आणि मार्च २०२२ अखेर भाव १,३०० च्या आसपास, म्हणजे पी/ई जेमतेम ४. मूळ ग्रॅहम सूत्रात वाढ शून्य घातली तरी मोल येतं ८.५ × ३३२ = २,८२२, भावाच्या दुपटीहून जास्त! सूत्र ओरडून सांगतंय, घ्या. त्या वर्षी एकत्रित नफा ४१,७४९ कोटी होता. पुढच्या वर्षी तो ८,०७५ कोटी झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४,९१० कोटींचा तोटा. पोलादाचे भाव कोविडनंतर शिखरावर गेले होते, आणि बाजाराला ते माहीत होतं. पोलाद, साखर, रसायनं, जहाजवाहतूक अशा धंद्यांत शेवटच्या वर्षाचा ईपीएस कधीच घालू नका. सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या, म्हणजे एक पूर्ण तेजी-मंदी त्यात येते. या धंद्यांत पी/ई सर्वांत कमी दिसतो तेव्हा नफा शिखरावर असण्याचीच शक्यता जास्त. (जुलै २०२२ मध्ये टाटा स्टीलचा एकाचे दहा असा स्प्लिट झाला, त्यामुळे आज आकडे बघताना दहाने भागून घ्या.)

बँकांना मुक्त रोकड ही कल्पनाच लागू पडत नाही, कारण पैसा हाच त्यांचा कच्चा माल. तिथे बुक व्हॅल्यूवर चाला: मोल = बुक व्हॅल्यू × (भागभांडवलावरचा परतावा − वाढ) ÷ (हवा असलेला परतावा − वाढ). समजा बँकेचा परतावा १६ टक्के, वाढ ८ आणि तुम्हाला हवे १३ टक्के. ८ भागिले ५, म्हणजे बुक व्हॅल्यूच्या १.६ पट. परतावा तुमच्या अपेक्षेइतकाच, १३ टक्के असेल तर मोल बरोबर बुक व्हॅल्यूइतकं. त्याहून कमी असेल तर बुक व्हॅल्यूच्याही खाली. आधी बुडीत कर्जाची तरतूद पुरेशी आहे का ते तपासा, कारण ती कमी असेल तर बुक व्हॅल्यूच फुगलेली असते.

अजून तोट्यात असलेल्या नव्या कंपन्यांना यातलं एकही सूत्र लावू नका. मिळकत उणे असताना येणारं उत्तर निरर्थक असतं, आणि 'पाच वर्षांनी नफा इतका होईल' असं धरून केलेला हिशोब म्हणजे निव्वळ इच्छा.

पायरी ९: कागदावर ठेवा

प्रत्येक कंपनीसाठी एक पान पुरे. वर तारीख आणि भाव. खाली धरलेली वाढ, कायमची वाढ, हवा असलेला परतावा आणि प्रत्येकाचं एका वाक्यात कारण. मग सूत्रांची उत्तरं: इन्फोसिसच्या पानावर १,५८०, ९९३, ९२० ते १,१६१, १,१२० असा पट्टा येईल. शेवटी उलट्या हिशोबाची ओळ: 'या भावाला १२ टक्के हवे असतील तर १२ टक्क्यांवर वाढ लागेल, ८ टक्के वाढ झाली तर परतावा १० टक्के.'

भाव रोज बदलतो, पण हे पान रोज उघडायची गरज नाही. वार्षिक निकाल मार्चनंतर साठ दिवसांच्या आत यावे लागतात, तेव्हा मेअखेर एकदा बसा. नवा ईपीएस, नवा लाभांश, नवी रोकड भरा आणि गेल्या वर्षी धरलेल्या वाढीशेजारी प्रत्यक्षातली वाढ लिहा. भाव पडला म्हणून वाढीचा दर खाली आणायचा नाही, आणि चढला म्हणून वर न्यायचा नाही. तो बदलायचा असेल तर धंद्यातलं कारण हवं: मोठं गिऱ्हाईक गेलं, नफ्याचं प्रमाण घसरलं, नवा कारखाना सुरू झाला, कर्ज फिटलं. कारण लिहिता येत नसेल, तर मागच्या वर्षीचाच आकडा ठेवा.